डाव्या पंखाचे रिव्हेट

ताईचा फोन आला तेव्हा मी मार्केट यार्डात गाळ्यावर होतो. सकाळची वेळ. गुळाच्या ढेपा उतरत होत्या, हमालांची ये-जा चालली होती. अशा वेळी ताई कधी फोन करत नसे. मला वाटलं, काहीतरी झालं.

"चार माणसं पाठव," ती म्हणाली. "आणि तूही ये. एक पेटी आली आहे. ती वर न्यायची आहे."

"कसली पेटी?"

"विमानाची."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी हसलो असतो. ताई थट्टा करत नसे. ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो. गाळा काकांनी सांभाळला आणि घर ताईने. तिने लग्न केलं नाही. आयुष्यभर ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, आईचं सगळं शेवटपर्यंत केलं, आणि आई गेल्यावर सदाशिव पेठेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहिली. पेटी आली त्याच वर्षी ती निवृत्त झाली होती.

पेटी पलंगाएवढी लांब होती. हमालांनी ती जिन्याच्या वळणावर उभी करून कशीबशी वर नेली. ताईने पुढची खोली रिकामी करून ठेवली होती. सोफा नाही, टीव्ही नाही, मधोमध फक्त एक लांब लाकडी टेबल. पेटीत ॲल्युमिनियमचे कापून भोकं पाडलेले पत्रे होते, निळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले, आणि रिव्हेटच्या पुड्या. मसाल्याच्या पुड्या असाव्यात तशा.

"हे शेपूट," ती म्हणाली.

"शेपटापासून सुरुवात?"

"लहान असतं. चुकलं तर परत करता येतं."

विमान तिच्या डोक्यात कुठून आलं हे मला विचारावं लागलं नाही. कॉलेजात असताना ती एनसीसीतून हडपसरला ग्लायडिंग शिकायला जायची. पहाटे सायकलने निघायची, दुपारी नाकावर ऊन लागून परत यायची. एकटीने उडण्यापर्यंत तिची मजल गेली होती. मग वडील गेले. त्यानंतर ती हडपसरला गेली नाही. जाऊ नको असं तिला कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. पुढे कधीतरी मी विचारलं होतं, तू ते सोडलंस का? "सोडलं नाही," ती म्हणाली होती, "राहून गेलं." त्या दिवशी पेटीसमोर उभं राहून तिने मला आणखी एक गोष्ट सांगितली. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत उन्हाळ्याच्या सुट्टीत ती शिबिरांना जायची, ती शिबिरं नव्हती. ती बाहेरगावी फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकत होती. तिच्याकडे लायसन्स होतं.

"आम्हाला सांगायला काय झालं होतं?"

"आईने रात्री झोप घेतली नसती. आणि तू तिला सांगितलं असतंस."

ते खरंच होतं.

मी मदतीला लागलो त्याचं कारण साधं आहे. रिव्हेट एकट्याने मारता येत नाही. पत्र्याच्या बाहेरून एकजण हवेच्या दाबावर चालणारी बंदूक धरतो, आतून दुसरा एक जड लोखंडी ठोकळा रिव्हेटच्या शेपटीवर टेकवून ठेवतो. बंदुकीने ठोकलं की रिव्हेटची शेपटी ठोकळ्यावर चेपते आणि दोन पत्रे कायमचे एक होतात. ठोकळा तिरका झाला तर रिव्हेट तिरका चेपतो. बंदूक घसरली तर पत्र्यावर चंद्रकोरीसारखा खड्डा पडतो. दोघांना एकमेकांचे हात दिसत नाहीत. म्हणून बोलावं लागतं.

"टेकवलं?" ती विचारायची.

"टेकवलं."

"मारते."

मग एक छोटा कर्कश आवाज. मग मी ठोकळा काढून बघायचो आणि सांगायचो, "चांगला." किंवा, "परत." परत म्हणजे तो रिव्हेट ड्रिलने काढायचा आणि नवा घालायचा.

रविवारी गाळा बंद. मी सकाळी नऊला सदाशिव पेठेत पोचायचो. तोवर आमचं भावा-बहिणीचं बोलणं म्हणजे दिवाळी, भाऊबीज आणि आईची औषधं एवढंच होतं. आता आम्ही दिवसभर त्या तीन-चार शब्दांत बोलत होतो, आणि तेवढं मला पुरत होतं.

दुसऱ्याच महिन्यात खालच्या मजल्यावरचे आजोबा वर आले. दारातच उभे राहिले.

"आपण वर काय करता हे मला विचारायचं नाही," ते म्हणाले. "दुपारी एक ते चार करू नका, एवढंच."

"एक ते चार मीही झोपते," ताई म्हणाली.

"मग हरकत नाही." ते जायला वळले आणि थांबले. "विमान आहे म्हणतात."

"हो."

"जिन्यातून जाईल?"

"शेपूट जाईल."

"आणि बाकीचं?"

ताईने माझ्याकडे बघितलं. पंख माझ्या गोदामात होणार हे मला तेव्हा कळलं.

मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला माझं पत्र्याचं गोदाम आहे. अर्ध्या भागात गूळ आणि शेंगदाणा राहिला, अर्धा ताईला दिला. मध्ये ताडपत्रीचा पडदा. माझ्या बायकोने एकदाच विचारलं, "गुळाला मुंग्या लागतात. विमानाला काय लागतं, ताई?"

"माणसं," ताई म्हणाली.

तेव्हापासून बायको दर रविवारी आमचा डबा घेऊन यायला लागली, आणि मग थांबून पत्र्यांच्या कडा कानशीने गुळगुळीत करायला बसायची. तिला ते काम आवडलं. बोटांना कळतं कुठे खरखर उरली आहे, म्हणायची.

उजवा पंख सुरळीत झाला. लांबलचक कणा, त्याला काटकोनात फासळ्या, वरून पत्र्याचं कातडं. प्रत्येक भागावर ताई काळ्या मार्करने नंबर घालायची, फळ्यावर लिहायची तसा मोठा, शेवटच्या बाकावरून दिसेल असा. उजवा पंख पूर्ण झाल्यावर आम्ही तो भिंतीला गादीवर टेकवून उभा केला आणि डाव्याला लागलो.

डाव्या पंखाला वेळ जास्त लागायला लागला. पत्र्यावर चंद्रकोरी पडायला लागल्या. ताई म्हणाली, हवेचा दाब कमी-जास्त होतोय. तिने बंदुकीचा दाब सांभाळणारा भाग बदलला. तरी पडत होत्या. मग ती म्हणाली, बंदूकच जुनी झाली. तिने नवी मागवली. ताई स्वतः सावकाश चालायला लागली होती, आणि काम नसेल तेव्हा उजवा हात ॲप्रनच्या खिशात ठेवायची, याकडे मी लक्ष दिलं नव्हतं. वय झालं की माणूस सावकाश होतो, असं मी धरून चाललो होतो.

एका रविवारी चहा घेऊन मी दोन्ही पंखांच्या मध्ये उभा होतो. उजवीकडचे नंबर मोठे, ठळक. डावीकडचे सुरुवातीला तसेच, मग लहान, मग आणखी लहान. शेवटच्या फासळ्यांवर तर मुंगीएवढे.

"शाई वाचवतेस का ग?" मी म्हणालो.

ती आली. तिने चष्मा लावला आणि पहिल्या फासळीपासून शेवटच्या फासळीपर्यंत एकेक नंबर बघत गेली. मग उजव्या पंखाकडे गेली आणि तिथले बघितले.

"आज एवढंच पुरे," ती म्हणाली, आणि ॲप्रन काढून ठेवला.

पुढच्या आठवड्यात ती मार्केट यार्डात आली. गाळ्यावर ती कधी येत नसे. भर सकाळी आली आणि गादीवर माझ्याशेजारी बसली. समोर एक गिऱ्हाईक कोल्हापुरी गुळाचा भाव विचारत होतं. मी त्याला भाव सांगितला, ते गेलं.

"कंपवात आहे," ताई म्हणाली.

"कुणाला?"

तिने उजवा हात मांडीवर ठेवला आणि नुसता राहू दिला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती, चिमटीतून मीठ सोडावं तशी. ती आपल्याच हाताकडे बघत होती, कॉलेजात मुलांना प्रयोग दाखवताना बघत असेल तशी.

"अक्षर बारीक होणं हे त्याचंच लक्षण असतं," ती म्हणाली. "डॉक्टरांना मी आधी तेच सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं लक्षात आलं."

मी पोऱ्याला चहा सांगितला. चहा आला तेव्हा तिने डाव्या हाताने कप उचलला.

"आता मला उडायला पास करणार नाहीत," ती म्हणाली. "करूही नये."

"मग हे सगळं थांबवू."

"पंख अर्धा झालाय."

"ताई, पण उडणार कोण आहे?"

"ते नंतर बघू. पंख अर्धा झालाय," ती परत म्हणाली, आणि चहा संपवून उठली. मी तिला रिक्षापर्यंत सोडलं. परत येऊन गादीवर बसलो. दिवसभर भाव सांगितले, पावत्या केल्या. संध्याकाळी गोदामात गेलो, ताडपत्री बाजूला केली आणि त्या बारीक होत गेलेल्या नंबरांसमोर उभा राहिलो. शेवटचा वाचायला मला मोबाइलचा दिवा लावावा लागला. तिथे मी रडलो. नंतर गोदाम बंद करून घरी गेलो आणि बायकोला सांगितलं.

दोन रविवार ताई आली नाही. तिसऱ्या रविवारी मी गेलो तेव्हा ती आधीच येऊन बसली होती. ठोकळा तिच्या हातात होता.

"बंदूक तू घे," ती म्हणाली.

"मला येत नाही."

"मला तरी कुठे येत होती?"

तिने मला शिकवलं. रद्दी पत्र्यावर आधी, ओळीने, चूक झाली की "परत." शिक्षक म्हणून ती कशी असेल ते मला त्या वयात कळलं. ती रागावत नसे आणि सोडतही नसे. तिचा हात नुसता असला की थरथरायचा, पण त्यात ते जड लोखंड आलं की तो शांत व्हायचा. पंखाच्या आत, अंधारात, फासळ्यांच्या मधून तिचा बारीक हात कोपरापर्यंत जायचा. माझा तिथे कसाबसाच जायचा.

"टेकवलं?"

"टेकवलं."

"मारतो."

असा डावा पंख पूर्ण झाला. नंतर धड आलं. धडाला दीड-दोन वर्षं गेली. मधल्या काळात ताईच्या गोळ्या वाढल्या. गोळी लागू पडली की दोन-तीन तास ती जवळजवळ पहिल्यासारखी असायची, मग हळूहळू अंग जखडायचं. आम्ही काम त्या तासांत बसवायला शिकलो. चेहरा मात्र बदलला. हसू आलं तरी चेहऱ्यावर यायला वेळ लागायचा, कधी यायचंच नाही. नव्या माणसांना वाटायचं, बाई फार कडक आहेत. तशी ती होतीच.

सगळे भाग जोडायला हँगर हवा होता. सोलापूर रस्त्याने पुण्याबाहेर दोन तासांवर एका खाजगी धावपट्टीवर भाड्याने जागा मिळाली. माझ्याच टोळीतल्या हमालांनी पंख गोदामातून उचलले. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणारी माणसं, पण त्या पंखाला त्यांनी हात लावला तो तान्ह्या मुलाला लावावा तसा. "हलकं हाय हो," त्यांच्यातला म्हातारा दोनदा म्हणाला. एवढी मोठी वस्तू इतकी हलकी असावी याचा त्याला भरवसा वाटत नव्हता.

पहाटे ट्रक निघाला. ताई ड्रायव्हरशेजारी, मी मागे पंखांबरोबर. हडपसरला नेहमीसारखी गर्दी लागली. बस, रिक्षा, आयटीत जाणाऱ्यांच्या गाड्या. ताई इथे काही बोलेल असं मला उगाच वाटत होतं. केबिनच्या मागच्या खिडकीतून ती ड्रायव्हरला एवढंच म्हणताना ऐकू आली, "पुढे गतिरोधक आहे, सावकाश घ्या."

हँगर म्हणजे मोठी पत्र्याची शेड. दुपारी भट्टी, वर कबुतरं, वारा सुटला की दारं आपटायची. तिथे पंख धडाला लागले, चाकं लागली, इंजिन बसलं. विमान पहिल्यांदा स्वतःच्या चाकांवर उभं राहिलं तेव्हा ताई त्याच्याभोवती एक फेरी मारून आली आणि एका पंखाशेजारी खुर्ची घेऊन बसली. मी फोटो काढू का विचारलं. नको म्हणाली.

उडवणार कोण हा प्रश्न तिने परस्पर सोडवला होता. हवाई दलातून निवृत्त झालेले एक वैमानिक त्या धावपट्टीवर यायचे. ताईने त्यांना विचारलं. ते म्हणाले, "आधी मी बघेन. मला पटलं तरच."

"तसंच हवं," ताई म्हणाली.

त्यांनी दोन दिवस बघितलं. तारेच्या टोकाला बसवलेला छोटा कॅमेरा पंखाच्या तपासणीच्या खिडक्यांतून आत घालून एकेक रिव्हेट पडद्यावर बघायचे. उजवा पंख झाला, धड झालं, शेपूट झालं. डाव्या पंखापाशी ते बराच वेळ थांबले. मग मला बाजूला बोलावलं.

"बाहेरच्या अर्ध्या भागातले रिव्हेट," ते म्हणाले. "काही तिरके आहेत, काही पुरते चेपलेले नाहीत. सगळे नाहीत. पण आहेत."

मला लगेच कळलं कुठले. नंबर बारीक होत गेले होते, त्या भागातले. बंदूक ताईच्या हातात होती, आजार अजून कळला नव्हता, त्या महिन्यांतले.

"त्याने विमान पडेल का?" मी विचारलं.

"पडेलच असं नाही."

"मग राहू द्या ना, सर. तिला कशाला..." मी आवाज खाली आणला. "तिची तब्येत तुम्ही बघताय. आपण दोघांनी..."

"काय आहे?" ताईने खुर्चीतून विचारलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. सांगायचं तर तू सांग, असं. मी पंखाकडे बघत राहिलो. मग ते तिच्याकडे गेले, पडदा तिच्यासमोर धरला आणि दाखवलं. ताईने चष्मा लावून एकेक बघितला.

"हे वाईट आहेत," ती म्हणाली.

"हो, मॅडम."

"किती पत्रा उघडावा लागेल?"

"बाहेरचा खालचा पूर्ण. आतले फासळ्यांचे काही रिव्हेट."

"काढा," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. तिचा आवाज तेव्हा आधीच लहान झाला होता, तरी मला स्पष्ट ऐकू आलं. "मी कधी कुणाचे मार्क वाढवले नाहीत. माझे तू वाढवायचे नाहीत."

त्या पंखातले तिचे रिव्हेट मी काढले. प्रत्येकाच्या डोक्यात ड्रिलने नेमकं मध्ये भोक पाडायचं, डोकं उडवायचं, मग उरलेला दांडा आत ढकलायचा. भोक मोठं होता कामा नये. घाई करता येत नाही. ताई शेजारी बसून होती. मी तिला दोन-तीनदा म्हटलं, घरी थांब, मी करून येतो. ती आली. पहिल्या दिवशी प्रत्येक वेळी ड्रिल टेकवलं की मनात यायचं, हा तिने मारला होता, आणि ठोकळा मी धरला होता, आणि मी "चांगला" म्हटलं होतं. पुढे पुढे आतल्या अंधारात मी नुसतं बोटाने चाचपून चांगला म्हणत होतो. खरं तर बघायला हवं होतं.

तेही मी तिला बोललो. ती म्हणाली, "दोघांचं काम होतं. दोघांचं चुकलं. ड्रिल सरळ धर."

पत्रा उघडल्यावर आत ते बारीक नंबर दिसले. तिने ते पुसायला सांगितलं नाही. नवे रिव्हेट मारायच्या वेळी ठोकळा तिनेच धरला. आता तो तिला फार वेळ पेलायचा नाही. थोडे मारायचे, थांबायचं, पाणी प्यायचं, परत. कधी गोळीचा असर संपायचा आणि हात उघडायचाच नाही. मग बायको ठोकळा घ्यायची आणि ताई शेजारून विचारायची, "टेकवलं का नीट?" वैमानिक साहेबांनी परत कॅमेरा घातला. एकेक बघितला.

"आता ठीक," ते म्हणाले.

पहिल्या उड्डाणाच्या सकाळी वारा पडलेला होता. परवानग्या कधीच्या येऊन पडल्या होत्या, वाट हवेची होती. ताई हँगरच्या दारात खुर्चीवर बसली, शाल लपेटून. साहेबांनी निघायच्या आधी विमानाभोवती चक्कर मारली आणि डाव्या पंखावर तळहात ठेवून क्षणभर उभे राहिले. मग ताईकडे बघून मान हलवली आणि आत बसले.

विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं, वळलं, आवाज वाढला. माझ्या मनात फक्त रिव्हेट होते. चाकं सुटली तेव्हा बायकोने माझं मनगट इतक्या जोरात धरलं की नंतर वळ उठला. विमान वर गेलं, डावीकडे वळलं, आणि उन्हात तो पंख चमकला. मी ताईकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तिचा चेहरा आता तसाच असायचा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही.

विमान उतरून दारापर्यंत आलं. साहेब खाली उतरले आणि तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"थोडं उजवीकडे ओढतं," ते म्हणाले. "बाकी सरळ आहे."

"ते दुरुस्त करता येईल," ताई म्हणाली.

चाचणीचे तास पूर्ण व्हायला काही महिने गेले. मग एक दिवस साहेबांनी तिला विचारलं, आपण येता का? तिला पंखावर चढवायला आम्ही दोघं लागलो. पाय उचलत नव्हता. मी खालून पाय धरून एकेक पायरीवर ठेवला. आत बसल्यावर साहेबांनी तिचे पट्टे बांधले. विमान दोघांचंच, मी खाली राहिलो. ते गेले आणि अर्ध्या तासाने आले. वर काय झालं हे मला माहीत नाही. साहेबांनी एवढंच सांगितलं, "वळणं त्यांनी घेतली. दोन्हीकडची."

परतताना गाडीत मी विचारलं, "कसं वाटलं?"

"दमले," ती म्हणाली, आणि इंदापूर रस्त्यावरच्या पहिल्या हॉटेलला थांबून तिने दोन इडल्या खाल्ल्या. एवढं ती हल्ली खात नसे.

त्यानंतर ती फारशी हँगरला गेली नाही. एकटीने राहणं अशक्य झालं तेव्हा ती बिबवेवाडीला आमच्याकडे राहायला आली. तिच्या फ्लॅटमध्ये आता परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं राहतात. आल्यावर थोड्याच दिवसांत तिने विषय काढला. विमान नुसतं उभं राहिलं की बिघडतं. रबर सुकतं, इंजिन गंज धरतं. ते उडणाऱ्या लोकांना द्यायला हवं. साहेबांच्या ओळखीने दक्षिणेतला एक गट मिळाला, एकत्र विमान चालवणारी चार-पाच माणसं. त्यांच्यातले दोघं येऊन बघून गेले. त्यांना ताईने डाव्या पंखाची सगळी हकीकत सांगितली, काहीही न लपवता. तिच्या आवाजामुळे त्यांना पुढे वाकून ऐकावं लागत होतं. त्यांनी घेतलं.

ते न्यायच्या दिवशी मी तिला विचारलं, येतेस का?

"नको. तू जा. इतक्या लांब बसवत नाही आता."

मी गेलो. टाकीत पेट्रोल भरलेलं होतं, सीटच्या मागे त्यांनी दोन पिशव्या बांधल्या होत्या. चाकांना लावलेल्या लाकडी पाचरी मी काढल्या. विमान उडालं, धावपट्टीवरून एक फेरी घेतली आणि दक्षिणेकडे गेलं. आवाज थांबला तरी थोडा वेळ मी तिथेच होतो. हँगर रिकामा झाला की मोठा दिसायला लागतो. झाडून काढला, आमची टेबलं आणि हवेचा कॉम्प्रेसर टेम्पोत घातला, किल्ली दिली आणि निघालो.

घरी पोचलो तेव्हा जेवणं चालली होती. बायको ताईला वरण-भात भरवत होती. ताईचा आवाज इतका लहान झाला आहे की ती बोलणार असं दिसलं की आम्ही पंखा बंद करतो. मी हात धुऊन बसलो. ताईने मान थोडी वर केली. बायकोने उठून पंखा बंद केला.

"गेलं?" ताईने विचारलं.

"गेलं. छान उचललं. एक फेरी मारून गेले."

तिने घास गिळला. त्याला वेळ लागला. आम्ही थांबलो.

"वारा कुठून होता?"

मी आठवायचा प्रयत्न केला. धूळ कुठे जात होती, माझा शर्ट कुठल्या बाजूने अंगाला चिकटत होता. काही आठवलं नाही.

"लक्ष नाही गेलं, ताई."

"बघायचं असतं," ती म्हणाली.